तोंडाच्या कॅन्सरच्या यादीत बधिर ओठाचं नाव कधी येणार?

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून करतात तो) आणि तोंडाच्या कॅन्सरवर जो लेख आला तो आमच्या घरी सगळ्यांनी वाचला, चांगला होता. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, गाठ, तोंड कमी उघडणं, हे सगळं त्यात होतं. पण लक्षणांची जी चौकट दिली होती तिच्यात ओठ किंवा हनुवटी बधिर पडणं हे नव्हतंच, आणि हे फक्त तुमच्याच लेखात नाही, भिंतीवरची पोस्टरं घ्या, शाळेत वाटतात ते कागद घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते मेसेज घ्या, फारसं कुठेच नसतं. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. थोडं लांब होईल, पण मधूनमधून कापू नका ही विनंती.

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता रिटायर झालो. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलीनच्या डब्यात यायचा, डॉक्टर त्याचं ग्रॉसिंग करायचे, म्हणजे तुकडा पाहून-मोजून तपासायचे भाग कापून द्यायचे, मग आम्ही मेणाचे ब्लॉक बनवायचो, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचो, रंग द्यायचो आणि स्लाईड डॉक्टरांच्या टेबलवर नेऊन ठेवायचो. रिपोर्ट देणं हे डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण शिकवणारा डॉक्टर मनाचा मोठा असला की तो टेक्निशियनलाही बोलावून दाखवतो, बस इकडे, पाहा हे काय आहे. तसं मला खूप पाह्यला मिळालं आणि आपल्या नागपुरात तर तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाईडची कधी कमी नव्हतीच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, सगळे पेशंट इथेच येतात.

या स्लाईडमध्ये जे दिसतं ते लोकांना कोणी सांगत नाही.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात नस, म्हणजे संवेदनेची नस, रक्ताची नाही, फिकट गुलाबी दिसते, गोल नाहीतर लांबट, आत बारीक बारीक नागमोडी निळे ठिपके आणि कडेला पातळ आवरण. कॅन्सरच्या पेशी त्यामानाने मोठ्या, गडद, एकसारख्या नसलेल्या. एका स्लाईडमध्ये मूळ गाठ एका टोकाला होती, मग बऱ्याच अंतरापर्यंत चांगलं मांस, चरबी, लाळेच्या छोट्या ग्रंथी, सगळं स्वच्छ, आणि दुसऱ्या टोकाला एक छोटीशी नस आणि तिच्या भोवती गडद पेशींचं पूर्ण कडं बसलेलं. मधे कुठेच काही नाही. मी म्हटलं, सर हे इथे कसं पोचलं? ते म्हणाले, नसेवरून चालत आलं. आणि मग मला म्हणाले की ब्लॉकचे अजून खोल काप काढ, कारण नस सरळ जात नाही, वळते, आपल्या कापात कधी येते कधी सुटते, म्हणून मधे मोकळं दिसतं.

याला पेरिन्यूरल इन्व्हेजन म्हणजे नसेत शिरलेला कॅन्सर म्हणतात, रिपोर्टवर नुसतं पीएनआय प्रेझेंट असं येतं. नसेला तीन आवरणं असतात, सगळ्यात बाहेरचं एपिन्यूरियम, मधलं पेरिन्यूरियम, आतलं एन्डोन्यूरियम. कॅन्सरच्या पेशी यातल्या कुठल्याही थरात शिरल्या असतील किंवा नसेला लागून तिच्या गोलाईचा निदान तिसरा हिस्सा त्यांनी घेरला असेल, तर पीएनआय आहे असं धरतात, ही व्याख्या २००९ पासून बऱ्याच ठिकाणी वापरतात. नुसतं जवळ असणं पुरेसं नाही, बरेचदा नस गाठीच्या बाजूने निमूट जात असते आणि तिला काही झालेलं नसतं.

आता घरचे लोक रिपोर्ट कसा वाचतात ते सांगतो. ते मार्जिन शोधतात. मार्जिन फ्री असं लिहिलेलं दिसलं की हुश्श करतात, देवाला नारळ, आणि पीएनआयची ओळ तशीच राहते. त्यांचा दोष नाही, इंग्रजीत लिहिलेला दोन पानांचा रिपोर्ट, ओपीडीत दोनशे माणसं, डॉक्टरांना एका पेशंटला किती वेळ मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण मार्जिन म्हणजे सर्जनने कापलेली कड स्वच्छ आहे एवढंच. घरात उधई लागते तेव्हा भिंत वरून कोरी दिसते आणि ती वायरच्या पाईपातून पलीकडच्या खोलीत पोचलेली असते, तसं हे आहे. कड स्वच्छ असूनही एखाद्या नसेतून काही पेशी पुढे सरकलेल्या असू शकतात, म्हणूनच ज्यांच्यात पीएनआय असते त्यांच्यात आजार त्याच जागी परत येण्याचा धोका जास्त असतो. शंभर टक्के येतोच असं नाही, हे पण लक्षात घ्या, घाबरून जाऊ नका.

रस्ता कसा असतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे खर्रा जिथे दाबून ठेवतात तिथेच हा रस्ता सुरू होतो. खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो, त्यातून एक मोठी नस जाते जी खालच्या दातांना संवेदना देते, आणि खालच्या दाढा सुरू होतात त्याच्या थोडं पुढे ती एका छिद्रातून बाहेर येऊन खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाते. गालाच्या आतल्या बाजूची नस वेगळी, पण ती पण वरती जाऊन त्याच मोठ्या फांदीला मिळते. ही फांदी कवटीच्या तळाला असलेल्या एका लंबगोल छिद्रातून आत शिरते आणि मेंदूच्या अगदी शेजारी जिथे चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसांची मुख्य गाठ (नसांचा जोड, आजाराची गाठ नाही) आहे तिथे पोचते. म्हणजे गालफडातला आजार हाड न फोडता, लिम्फच्या गाठींना हात न लावता, या वाटेने कवटीच्या दारापर्यंत जाऊ शकतो. छोट्या छोट्या नसांमधला पीएनआय फक्त मायक्रोस्कोपमध्ये कळतो, पण अशी मोठी नावाची नस पकडली गेली तर ते एमआरआयमध्ये दिसू शकतं, नस जाड झालेली असते, शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये ती उजळते, आणि सीटीमध्ये कवटीचं ते छिद्र रुंद झालेलं दिसतं. पण एमआरआय स्वच्छ आहे म्हणजे पीएनआय नाही असा अर्थ होत नाही.

ही काही नवीन गोष्ट नाही. अर्न्स्ट नॉयमान नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८६२ मध्ये खालच्या ओठाच्या कॅन्सरचा एक पेशंट लिहून ठेवला ज्यात आजार हनुवटीच्या याच नसेत शिरला होता. त्यानंतर कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की नसेच्या आत लिम्फच्या नळ्या असतात आणि त्यातून पेशी वाहत जातात. १९६० च्या दशकात प्रोस्टेटच्या कॅन्सरवर काम करणाऱ्यांनी बारकाईने पाहिलं आणि दाखवलं की त्या जागेत लिम्फच्या नळ्या नाहीतच. मग लोक म्हणायला लागले की तिथे अडथळा कमी म्हणून पेशी घुसतात, एवढंच.

आता जे कळून राहिलं ते याच्या खूप पुढचं आहे आणि मला ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. नस आणि कॅन्सर एकमेकांशी बोलतात. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रोटीन आहे, ते सापडलंच मुळी एका गाठीमुळे. इटलीच्या रीटा लेवी-मोन्ताल्चिनी अमेरिकेत काम करत होत्या, उंदराची गाठ कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लावर लावली तर पिल्लाच्या नसा वेड्यासारख्या त्या गाठीकडे आणि गाठीच्या आत वाढल्या, तिथून त्यांना सुचलं की गाठ काहीतरी सोडते आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी ते प्रोटीन वेगळं काढलं आणि १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे गाठ नसेला बोलावते हे पन्नासच्या दशकातच दिसलं होतं. उलट बाजूने नस पण काही रसायनं सोडते, त्यातलं एक जीडीएनएफ, आणि पॅन्क्रियाच्या कॅन्सरच्या पेशी त्याच्या वासाने आल्यासारख्या नसेकडे सरकतात हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पॅन्क्रियाच्या कॅन्सरमध्ये तर बहुतेक सगळ्याच पेशंटमध्ये पीएनआय सापडते, पाठीत जी भयंकर कळ येते तिचं एक कारण तेच. लाळेच्या ग्रंथींचा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक नावाचा एक कॅन्सर आहे, तो वाढतो हळू पण नसा पकडून दूरवर जाण्यात तो बदनामच आहे.

आणि श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्रा नाही). नसेच्या तंतूंना गुंडाळून ठेवणाऱ्या, नसेला मार लागला की दुरुस्तीला धावणाऱ्या आपल्याच चांगल्या पेशी. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की या श्वान पेशी कॅन्सरच्या पेशींच्या झुबक्यात शिरतात, एकेक पेशीला सुटं करतात आणि नसेच्या दिशेने नेतात. दुरुस्तीसाठी असलेली यंत्रणाच वाट दाखवायला वापरली जाते. २०२० मध्ये टेक्सासच्या एमडी अँडरसनवाल्यांनी नेचरमध्ये तोंडाच्याच कॅन्सरवर काम छापलं, पी५३ नावाचं संरक्षण करणारं जीन बिघडलेली गाठ आसपासच्या संवेदनेच्या नसांचा स्वभावच बदलून टाकते आणि मग त्या बदललेल्या नसा गाठ वाढायला मदत करतात. उंदरांमध्ये हे दाखवलं. या सगळ्यावरून अजून दवाखान्यात मिळेल असं औषध निघालेलं नाही, कोणी पीएनआय बरी करणारी गोळी आहे म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

आता घरची गोष्ट सांगतो, नाव-गाव जाऊ द्या. माझ्या बहिणीचे मिस्टर, आम्ही भाऊजी म्हणतो, दुकानदार माणूस, खर्रा दिवसभर तोंडात. आधी काय झालं तर दाढी करताना हनुवटीला ब्लेड लागलं, रक्त आलं आणि त्यांना कळलंच नाही, बहिणीने सांगितलं की अहो रक्त येऊन राहिलं. मग चहा पिताना एका बाजूने ओघळायला लागला. ते म्हणाले सुन्न आहे थोडं, दुखून तर नाही राहिलं नं, मग काय घाई आहे. जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तिथे खालची एक दाढ हलत होती ती काढली, बधिरपणा तसाच. मग बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या. मग मलम. तोंड पूर्ण उघडत नव्हतं, दोन बोटं जेमतेम जायची, त्यामुळे सगळ्यात मागच्या दाढेच्या मागे असलेला छोटा व्रण कोणाला दिसलाच नाही. बहीण जेव्हा मला सहज फोनवर हे बोलली तेव्हा मी म्हटलं आजच्या आज मोठ्या दवाखान्यात घेऊन ये, गणेशपेठ स्टँडवर मी घ्यायला येतो. एमआरआयमध्ये जबड्याच्या बोगद्यातली नस जाड दिसली. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा काढावा लागला, नंतर रेडिएशन झालं. भाऊजी आहेत, दुकानात बसतात, वरण-भात मऊ करून खातात.

दुखून नाही राहिलं नं, हे वाक्य मला लॅबच्या खिडकीत रिपोर्ट घ्यायला आलेल्या किती माणसांच्या तोंडून ऐकू आलं. आपल्या लोकांच्या डोक्यात एकच हिशोब बसलेला आहे की दुखलं तर आजार, नाही दुखलं तर काही नाही. इथे नस खराब होऊन राहिली म्हणून दुखत नाही, म्हणजे न दुखणं हीच काळजीची गोष्ट आहे. कोणाला उलट जळजळ होते, मुंग्या येतात, अळी चालल्यासारखं वाटतं, दातांत काही नसताना जबड्यात कळ मारते. चेहऱ्याच्या हालचालीची नस पकडली गेली तर एका बाजूचा गाल लोंबतो, डोळा पूर्ण मिटत नाही. कित्येकांना तर काहीच होत नाही आणि पीएनआय थेट रिपोर्टवरच कळते, हेही खरं आहे. आणि हे पण सांगितलं पाहिजे की ओठ बधिर झाला म्हणजे कॅन्सरच असं नाही, अक्कलदाढ काढल्यावर नसेला धक्का लागून काही महिने ओठ सुन्न राहू शकतो, दुसरी पण कारणं आहेत. पण ज्याच्या दाताला हात लावलेला नाही, जो खर्रा-तंबाखू-सुपारी खातो, आणि ज्याचा ओठ, हनुवटी, गाल किंवा जिभेचा भाग दोन आठवड्यांत परत जागा होत नाही, त्याने गोळ्या खात बसू नये, तोंडाच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना किंवा मुखशल्यवाल्यांना दाखवावं. मेडिकल आहे, मेयो आहे (दोन्ही सरकारी दवाखाने), डेंटल कॉलेज आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय म्हणजे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानचं एम्स, नागपुरात जागांची कमी नाही. दातांच्या डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे, दाढ हलते आणि ओठ सुन्न आहे असा पेशंट आला तर दाढ काढायच्या आधी एकदा तोंडाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पाहा आणि एक्सरे काढा.

दुसरी गोष्ट रेडिएशनची, आणि ही जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट घरी गेला, आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं तर घरचे म्हणतात गाठ तर निघाली, आता काहून? गावात कोणीतरी सांगतं की शेक दिला की माणूस खंगतो. शेत पेरायचं असतं, पोरीचं लग्न असतं, पुढच्या महिन्यात जाऊ. पीएनआय आहे म्हणून रेडिएशन द्यायचं की नाही हे डॉक्टर बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात, गाठ किती खोल होती, मानेच्या गाठींमध्ये काही होतं का, गाठीपासून कापलेली कड किती दूर होती. पण एकदा ठरलं की साधारणपणे ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला पाहिजे, उशीर झाला की फायदा कमी होतो. आणि ते चालतं पण सहाच आठवड्यांच्या आसपास, आठवड्यातले पाच दिवस, रोज थोडा वेळ. त्रास होतो, तोंड येतं, चव जाते, तोंड कोरडं पडतं, खोटं कशाला सांगू, पण त्यातला बराचसा हळूहळू कमी होतो. सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्यायचे असतात, किडलेले आधीच काढायचे, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, कागद कोणते लागतात ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. मधेच सोडून घरी जायचं नाही. बाहेरगावच्यांचा खरा प्रश्न राहण्याचा असतो, सहा आठवडे नागपुरात कुठे राहायचं, आणि ज्या संस्था पेशंटच्या माणसांच्या राहण्याची सोय करतात त्यांची यादी तुमच्यासारख्या पेपरने एकदा छापली तर कित्येकांचं रेडिएशन पूर्ण होईल.

ग्लोबोकॅन म्हणजे जगभरातल्या कॅन्सरची जी आकडेवारी निघते, तिच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे एका वर्षात एक लाख चाळीस हजारांच्या वर नवीन पेशंट आहेत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर पन्नीत घोटून समोरच मिळतो, नुसती सुपारी पण कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने केव्हाच जाहीर केलं आहे, त्याच्यावर तुम्ही लिहिता ते लिहीतच राहा. माझं मागणं त्याच्या शेजारच्या दोन गोष्टींचं आहे. एक, पुढच्या वेळी लक्षणांची चौकट छापाल तेव्हा तिच्यात ओठ, हनुवटी, गाल किंवा जीभ बधिर होणं, मुंग्या येणं, कारण नसताना जबड्यात कळ येणं ही एक ओळ घाला, आणि ती चौकट फक्त शहराच्या पानावर न ठेवता गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या आवृत्तीत पण जाऊ द्या. दुसरी, पॅथॉलॉजीच्या डॉक्टर मंडळींना तुमच्या पेपरातून सांगा की रिपोर्टवर पीएनआय आहे असं लिहाल तेव्हा खाली मराठीत एवढंच लिहून द्या: नसेत आजार दिसला, रेडिएशनबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला. रिपोर्टचा फॉरमॅट कॉम्प्युटरवरच असतो, एक ओळ कायमची टाकून ठेवायला वेळ लागत नाही, हे मी त्याच टेबलाशेजारी काम करून सांगतो आहे.

आपला नियमित वाचक,
निवृत्त लॅब टेक्निशियन,
मानेवाडा रोड, नागपूर